इंग्लंडमध्ये स्वतःचं काम करताय? मग डीबीएस चेक कोणता घ्यायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्लंडमध्ये राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत मुलांना पेटी आणि गाणं शिकवते. सुरुवातीच्या दिवसांत एक आई मुलीला सोडायला आली होती. चपला काढता काढता तिने संकोचून विचारलं, "ताई, तुमचं डीबीएस झालंय ना?" मी "हो" म्हटलं. ते खरंही होतं, माझ्याकडे बेसिक चेकचं, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या सगळ्यात साध्या सरकारी तपासणीचं, सर्टिफिकेट होतं. ती निर्धास्त होऊन गेली. पण तिला जे जाणून घ्यायचं होतं, म्हणजे या बाईला मुलांबरोबर काम करायला बंदी तर नाही ना, त्याचं उत्तर त्या कागदात नव्हतंच. हे मला नंतर कळलं आणि बरेच दिवस खटकत राहिलं.

तेव्हापासून इथली मराठी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माहिती इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

डीबीएस म्हणजे काय?

डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस ही सरकारी संस्था. डिसेंबर २०१२ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून ती सुरू झाली. त्यातली एक होती क्रिमिनल रेकॉर्ड्स ब्युरो, म्हणून जुनी माणसं अजूनही "सीआरबी केलंय का?" असं विचारतात. डीबीएस दोन कामं करते : गुन्ह्यांच्या नोंदी तपासून सर्टिफिकेट देणं आणि दोन बंदी-याद्या सांभाळणं. एक यादी मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांची, दुसरी आजारी, अपंग किंवा वृद्ध अशा आधाराची गरज असलेल्या प्रौढांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांची. या याद्यांना इथे 'बार्ड लिस्ट' म्हणतात.

या याद्यांमागे एक दुःखद प्रकरण आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये सोहम या गावात दोन शाळकरी मुलींचा खून झाला. खुनी तिथल्याच एका शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याबद्दल आधीच्या तक्रारी दुसऱ्या पोलिस दलाला ठाऊक होत्या, पण नोकरी देणाऱ्यांपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. त्यावरच्या बिचर्ड चौकशीनंतर २००६ चा सेफगार्डिंग व्हल्नरेबल ग्रुप्स कायदा आला. फॉर्म भरताना कंटाळा येतो, तेव्हा मी हे आठवते.

चेकचे प्रकार किती? कशात काय दिसतं?

बेसिक चेकमध्ये फक्त 'अनस्पेंट' शिक्षा दिसतात, म्हणजे कायद्याने ठरवलेली मुदत अजून संपलेली नाही अशा शिक्षा आणि अटींसह दिलेली ताकीद. हा चेक वय १६ पूर्ण असलेल्या कोणालाही स्वतःचा स्वतः काढता येतो. कारण सांगावं लागत नाही.

स्टँडर्डमध्ये मुदत संपलेल्या शिक्षा आणि ताकिदीही दिसतात. त्यातल्या जुन्या आणि किरकोळ नोंदी नियमाप्रमाणे गाळल्या जातात.

एन्हान्स्डमध्ये हे सगळं असतंच. शिवाय स्थानिक पोलिसांना एखादी माहिती त्या कामाशी संबंधित आणि सांगण्याजोगी वाटली, तर तीही येते.

एन्हान्स्ड विथ बार्ड लिस्टमध्ये याच्या जोडीला बंदी-यादी तपासली जाते. 'या माणसाला बंदी आहे का?' याचं उत्तर फक्त इथे मिळतं.

मग सगळ्यात वरचा चेक काढला की प्रश्न मिटला, नाही का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. चेकची पातळी तुमच्या इच्छेवर ठरत नाही, ग्राहकाच्या हट्टावरही ठरत नाही. ती कामावर ठरते. कायद्याने ठराविक कामंच वरच्या पातळीच्या चेकला पात्र ठरवली आहेत. त्यात न बसणाऱ्या कामासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देऊन वरचा चेक मागवणं हा १९९७ च्या पोलिस कायद्याखाली गुन्हा आहे.

म्हणून "मी ट्यूटर आहे, मी केअरर आहे, मला कोणता लागेल?" असा नावावरून विचार करू नका. एका कागदावर लिहून काढा : मी कोणासाठी काम करते, प्रत्यक्ष काय करते, किती वेळा करते आणि त्या वेळी तिथे आणखी कोण असतं. या चार ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या की उत्तर बहुतेक वेळा समोरच असतं.

मी मुलांना शिकवतो/शिकवते : गणित, तबला, भरतनाट्यम, मराठी. माझं काय?

कायद्यात 'रेग्युलेटेड अ‍ॅक्टिव्हिटी' असा एक शब्द आहे. मुलांच्या बाबतीत त्यात शिकवणं, प्रशिक्षण देणं, सांभाळणं, लक्ष ठेवणं ही कामं येतात, जर ती कोणाच्या देखरेखीशिवाय आणि वारंवार होत असतील तर. 'वारंवार' म्हणजे आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त, किंवा ३० दिवसांच्या कालावधीत चार किंवा जास्त दिवस, किंवा रात्री २ ते पहाटे ६ या वेळात मुलांच्या संपर्कात असणं. मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कोणीही. ए-लेव्हलची सतरा वर्षांची मुलंही त्यात आली.

दर शनिवारी पेटीचा क्लास घेणं त्यात अगदी बसतं. तेव्हा चेक लागतो तो एन्हान्स्ड विथ चिल्ड्रन्स बार्ड लिस्ट. आई शेजारच्या खोलीत चहा घेत बसली म्हणून काम बदलत नाही. ऑनलाइन शिकवलं तरी ते शिकवणंच असतं.

उलट, गणपतीत मंडळात वर्षातून एकदा तास-दोन तासांची मातीच्या मूर्तींची कार्यशाळा घेणाऱ्याचं काम त्या 'वारंवार'मध्ये बसत नाही. त्याला बेसिक पुरतो. मोठ्यांच्या क्लासात एखादा पंधरा वर्षांचा मुलगा येऊन बसत असेल, तर तेवढ्याने तो मुलांचा क्लास होत नाही. मात्र त्याच क्लासची हळूहळू मुलांची बॅच झाली, तर पुन्हा विचार करायला हवा.

लेझीम किंवा ढोल-ताशा पथकाचा सराव हॉलमध्ये असतो आणि गर्दी असते, म्हणून तो या नियमातून सुटतो असं काहींना वाटतं. तसं नाही. मुलांना दर आठवड्याला तुम्हीच शिकवत असाल आणि तुमच्यावर कोणाची देखरेख नसेल, तर नियम तोच. एन्हान्स्ड-चेक झालेल्या मुख्य शिक्षकाच्या नियमित देखरेखीखाली तुम्ही मदतनीस असाल, तर पात्रता बंदी-यादीशिवायच्या एन्हान्स्डची होते.

पण सेल्फ-एम्प्लॉइड माणसाला एन्हान्स्ड मिळतच नाही असं ऐकलं होतं.

२०२६ उजाडेपर्यंत ते खरं होतं. एन्हान्स्ड चेक मागायला एखादी संस्था लागायची, जी 'या माणसाला घेऊ का?' हे ठरवणारी असेल. शाळेत शिकवणाऱ्याला शाळा होती, एजन्सीमार्फत जाणाऱ्याला एजन्सी होती. घरी शिकवणाऱ्याला कोणीच नव्हतं आणि पालकही खासगी व्यक्ती म्हणून चेक मागू शकत नव्हते. म्हणजे बंदी असलेल्या माणसाने घरी क्लास काढणं हा गुन्हा, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पण त्याला बंदी आहे हे पालकाला कळायची सोय नाही. नॅनीचं काम करणाऱ्या काही जणी तर केवळ चेक मिळावा म्हणून ऑफस्टेडच्या (शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ऐच्छिक नोंदवहीत नाव घालायच्या.

निवृत्त चीफ कॉन्स्टेबल सायमन बेली यांनी २०२३ मध्ये या व्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा ही फट बुजवायची शिफारस केली. त्यानंतर नियम बदलले आणि २१ जानेवारी २०२६ पासून सेल्फ-एम्प्लॉइड व्यक्तींना, तसंच एखाद्या कुटुंबाने थेट कामावर ठेवलेल्या व्यक्तींना (मुलं सांभाळणारी नॅनी, घरी येणारा पर्सनल असिस्टंट) एन्हान्स्ड आणि एन्हान्स्ड विथ बार्ड लिस्ट चेकसाठी अर्ज करता येतो. अट एकच : काम मुळात त्या पातळीला पात्र हवं.

जुन्या पोस्ट आणि जुने व्हॉट्सअ‍ॅप संदेश अजून फिरत असतात. "आपल्याला फक्त बेसिकच मिळतो" असं कोणी सांगितलं, तर ते आता जुनं झालंय. आणि मुलांना शिकवणाऱ्याने आज बेसिक दाखवून "माझं डीबीएस आहे" म्हणणं मला पटत नाही. पूर्वी इलाज नव्हता, आता आहे.

मी वयस्कर लोकांना मदत करते. घरकाम, थोडा स्वयंपाक, कधी औषधाची आठवण. मला कोणता?

इथे बारकाईने बघावं लागतं, कारण एकाच घरात एकच बाई सकाळी एक काम करते आणि दुपारी दुसरं, आणि कायद्याच्या नजरेत दोन्ही वेगळी असतात.

नुसती साफसफाई, इस्त्री, जेवण करून ठेवणं, गप्पा मारणं याला बेसिक. पण त्या आजींना हाताने घास भरवावा लागत असेल, आंघोळ घालावी लागत असेल, कपडे बदलावे लागत असतील, कारण वय, आजार किंवा अपंगत्वामुळे त्यांना ते स्वतः जमत नाही, तर ती 'पर्सनल केअर' झाली. ती रेग्युलेटेड अ‍ॅक्टिव्हिटी आहे. आणि प्रौढांच्या बाबतीत 'वारंवार'ची अटच नाही, एकदा केलं तरी ते त्यात येतं.

बऱ्याच जणींच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पैसे. त्याच आजींना बाहेर पडवत नाही म्हणून त्यांचं कार्ड घेऊन तुम्ही वाणसामान आणता, त्यांची बिलं भरता, रोख रक्कम सांभाळता, तर तेही त्यात मोडतं. अंगाला हात न लावताही. मला हा नियम फार शहाणा वाटतो. वयस्कर माणसाची फसवणूक बहुतेक वेळा पाकिटातून होते.

अशा कामांसाठी एन्हान्स्ड विथ अ‍ॅडल्ट्स बार्ड लिस्ट. स्वतःच्या सासूबाईंचं करणं किंवा शेजाऱ्याला ओळखीखातर पैसे न घेता मदत करणं यात येत नाही.

डबे करते, मेंदी काढते, पूजा सांगतो, प्लंबिंग करतो. आम्हाला लागतो का?

कायद्याने नाही. ग्राहकाने विश्वासासाठी मागितला, तर बेसिक द्या. लोकांच्या घरात, त्यांच्या अपरोक्ष काम करणाऱ्या क्लीनर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर मंडळींनी बेसिक काढून ठेवला तर उपयोगी पडतो. डबेवाल्या ताईंनी डीबीएसच्या आधी कौन्सिलकडे फूड बिझनेसची नोंदणी बघावी. ती फुकट आहे आणि काम सुरू करायच्या २८ दिवस आधी करायची असते. गुरुजी दर रविवारी मुलांना अथर्वशीर्ष शिकवत असतील, तर मात्र वरचं शिकवण्याचं उत्तर त्यांनाही लागू.

टॅक्सी, सिक्युरिटी, चाइल्डमाइंडिंग, ड्रायव्हिंग स्कूल?

या कामांना परवाना किंवा नोंदणी लागते आणि चेक त्या प्रक्रियेतच होतो. स्वतंत्रपणे आधी काढून पैसे घालवू नका. टॅक्सी आणि मिनीकॅबवाल्यांचा एन्हान्स्ड चेक परवाना देणारी कौन्सिल करते, लंडनमध्ये ट्रान्सपोर्ट फॉर लंडन. सिक्युरिटीवाल्यांची तपासणी त्यांना परवाना देणारी एसआयए ही संस्था परवान्याबरोबरच करते. ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरला डीव्हीएसए या ड्रायव्हिंग परीक्षा घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गाने. चाइल्डमाइंडरला इंग्लंडमध्ये ऑफस्टेडकडे नोंदणी करताना, आणि तिथे घरात राहणाऱ्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाचा चेक लागतो. नवऱ्याचा, कॉलेजातल्या मुलाचा, सहा महिने राहायला आलेल्या दिराचाही प्रश्न येतो. हे आधीच घरात बोलून घ्या.

अकाउंटंटसारख्या काही व्यवसायांना स्टँडर्ड लागू होतो, तोही व्यावसायिक संस्था किंवा कामावर घेणारे मागवतात. व्यक्तीला स्वतःहून स्टँडर्ड काढता येत नाही.

बेसिक कसा काढायचा?

सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर, ऑनलाइन. फी डिसेंबर २०२४ पासून २१.५० पाउंड आहे. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, नॅशनल इन्शुरन्स नंबर, पासपोर्ट, असल्यास ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा. साधारण १४ दिवसांत होतं.

शोधताना वर दिसणाऱ्या जाहिरातींवर लगेच क्लिक करू नका. मी पहिल्यांदा एका मध्यस्थ कंपनीकडून काढला आणि सरकारी फीच्या जवळजवळ दुप्पट पैसे मोजले. वर त्यांनी असा काही मजकूर लिहिला होता की मला वाटलं, मला काहीतरी वरचं मिळतंय. हाती आला तो साधा बेसिकच.

फॉर्म परत का येतात?

आपल्या लोकांचे फॉर्म अडकतात ते नावापाशी. आतापर्यंत वापरलेली सगळी नावं तारखांसह लिहायची असतात. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदलतं आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं, इथल्या बँकेत तिसरं. एका मैत्रिणीने माहेरचं नाव "आता वापरतच नाही" म्हणून लिहिलं नाही, पण तिचं डिग्री सर्टिफिकेट त्याच नावाचं. पुन्हा पहिल्यापासून सगळं. लग्नाची तारीख, नाव कधी बदललं, हे एका कागदावर लिहून मगच बसा.

दुसरं, पत्ते. तारखांमध्ये एक महिन्याचीही फट नको. बाळंतपणासाठी चार महिने नाशिकला माहेरी जाऊन राहिला असाल आणि इथलं भाड्याचं घर सोडलं असेल, तर नाशिकचा पत्ताही त्यात येतो.

एन्हान्स्ड कसा काढायचा आणि किती खर्च?

थेट डीबीएसकडे अर्ज करता येत नाही. डीबीएसकडे नोंद असलेल्या 'अंब्रेला बॉडी'मार्फत करावा लागतो. ते तुमचं काम पात्र आहे का हे विचारतात, ओळखपत्रं तपासतात आणि अर्ज पुढे पाठवतात. सरकारी फी ४९.५० पाउंड, बंदी-यादी धरूनही तेवढीच. त्यावर अंब्रेला बॉडी आपला आकार लावते आणि तो प्रत्येकीचा वेगळा असतो. दोन-तीन ठिकाणी विचारा आणि फोनवर स्वच्छ विचारा : "मी सेल्फ-एम्प्लॉइड आहे, घरी मुलांना शिकवते. बार्ड लिस्टसह एन्हान्स्डच कराल ना?"

अर्जात दोन गोष्टी नीट बघा. एक, 'वर्कफोर्स' : चाइल्ड, अ‍ॅडल्ट की दोन्ही. मुलांसाठीचं सर्टिफिकेट आजींच्या घरी कामाचं नाही. दोन, काम तुमच्या स्वतःच्या घरी होतं का, असा प्रश्न असतो. मुलं तुमच्या घरी येत असतील तर 'हो' लिहा.

अपडेट सर्व्हिस घ्यावी का?

एन्हान्स्ड काढला असेल, तर माझं मत ठामपणे 'घ्यावी'. वर्षाला १६ पाउंड. सर्टिफिकेटच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत नाव घालावं लागतं. ही मुदत चुकली की पुन्हा नवा चेक, पुन्हा ४९.५०. मी रेफ्रिजरेटरवर तारीख लिहून ठेवली होती. ही सोय बेसिकला नाही.

फायदा हा की नवीन काम मिळालं की दर वेळी नवा चेक नको. ज्याला तो चेक मागायचा कायदेशीर हक्क आहे, तो तुमच्या परवानगीने ऑनलाइन बघू शकतो की सर्टिफिकेट निघाल्यानंतर काही बदललंय का.

सर्टिफिकेट किती दिवस चालतं?

त्यावर मुदत नसते. ते निघालं त्या दिवसापुरतं खरं असतं. तीन वर्षांपूर्वीचं चालेल का, हे समोरच्याने ठरवायचं. मी अपडेट सर्व्हिस नसलेलं जुनं सर्टिफिकेट कोणाला दाखवत नाही.

मंडळाच्या रविवारच्या शाळेसाठी माझा फुकट चेक झालाय. तोच खासगी क्लासला दाखवू?

नाही. स्वयंसेवकाला स्टँडर्ड आणि एन्हान्स्डची सरकारी फी माफ असते, अपडेट सर्व्हिसही फुकट, पण ती विनामोबदला कामापुरती. पैसे घेऊन शिकवायचं असेल, तर फी भरून वेगळा अर्ज.

पूर्वी एक चूक झाली होती. आता दार कायमचं बंद का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय, कारण लोक लाजेपोटी अर्जच करत नाहीत.

१९७४ च्या रिहॅबिलिटेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याने शिक्षांना मुदती घातल्या आहेत आणि २८ ऑक्टोबर २०२३ पासून त्या बऱ्याच कमी झाल्या. प्रौढाला झालेला दंड शिक्षा सुनावल्यापासून १२ महिन्यांनी 'स्पेंट' होतो. एक वर्षापर्यंतची कैद शिक्षा पूर्ण संपल्यावर १२ महिन्यांनी, एक ते चार वर्षांची चार वर्षांनी. साधी ताकीद लगेचच. या मुदतीत नवा गुन्हा झाला नाही, तर बेसिकमध्ये ती नोंद दिसत नाही. वाहतुकीच्या गुन्ह्यात कोर्टाने लायसन्सवर केलेली नोंद मात्र पाच वर्षं राहते आणि बेसिकमध्येही येते.

एन्हान्स्डमध्ये जास्त दिसतं, पण तिथेही प्रौढपणी झालेली, कैदेविना सुटलेली आणि गंभीर गुन्ह्यांच्या यादीत नसलेली शिक्षा ११ वर्षांनी गाळली जाते, ताकीद ६ वर्षांनी. आणि नोंद दिसली म्हणजे बंदी झाली असं नाही. बंदी-यादी वेगळी. वीस वर्षांपूर्वी दुकानातून काही उचललं म्हणून कोणी आज तबला शिकवायला अपात्र ठरत नाही. सर्टिफिकेट फक्त तुमच्या घरी येतं, ते कोणाला दाखवायचं हे तुम्ही ठरवता. त्यात चूक आढळली, तर तारखेपासून तीन महिन्यांच्या आत डीबीएसकडे आक्षेप नोंदवा.

भारतातल्या नोंदी यात दिसतात का?

डीबीएसला परदेशातल्या पोलिसांच्या नोंदी सहसा बघता येत नाहीत. गेल्या वर्षी सांगलीहून आलेल्या माणसाचं कोरं डीबीएस इथल्या एका वर्षाबद्दलच बोलतं. त्याला भारताच्या पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटची, म्हणजे पीसीसीची जोड हवी. इथे असाल तर लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सेवेतून, व्हीएफएसमार्फत अर्ज करता येतो. अजून निघाला नसाल तर पासपोर्ट सेवा केंद्रातून काढूनच या, फी ५०० रुपये. तिथे सोपं पडतं.

आमची मुलगी पुण्यातल्या सरांकडून ऑनलाइन तबला शिकते. त्यांच्याकडे डीबीएस मागू?

ते कधी ब्रिटनमध्ये राहिलेच नसतील, तर डीबीएस तपासणार काय? त्यांच्याकडे महाराष्ट्र पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा. अर्ज ऑनलाइन होतो, राहत्या भागातलं पोलिस ठाणं पडताळणी करतं. गुरूंकडे असं मागणं आपल्या मनाला जड जातं, मलाही गेलं असतं. पण मुलीच्या खोलीचं दार बंद असतं आणि समोर पडदा असतो, तेव्हा विचारायलाच हवं. चांगले शिक्षक रागावत नाहीत.

व्हिसाचा काही संबंध?

चेकशी नाही, कामाशी आहे. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, घरगुती ट्यूशनसुद्धा. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला, म्हणजे डिपेंडंटला, करता येतो. मात्र व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला मनाई असते. ग्रॅज्युएट व्हिसावरही स्वतःचं काम चालतं. डीबीएस सर्टिफिकेट म्हणजे काम करायची परवानगी नव्हे.

ग्राहक म्हणतो, पोलिसांकडून तुमचं सगळं रेकॉर्ड काढून आणा. आणू?

आणू नका. पोलिसांकडे आपल्याबद्दल काय माहिती आहे हे मागायचा हक्क तुमचा स्वतःचा आहे. काम देण्यासाठी ते तुम्हाला आणायला लावणं हा २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याखाली त्या मागणाऱ्याचा गुन्हा आहे. एसीआरओ या पोलिसांच्या नोंदी-कार्यालयाचं 'पोलिस सर्टिफिकेट'ही वेगळं, ते परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं. कामाला जो चेक लागू आहे तोच द्या आणि तसं शांतपणे सांगा.

स्कॉटलंडमध्ये?

तिथे डिस्क्लोजर स्कॉटलंड ही वेगळी संस्था आहे. १ एप्रिल २०२५ पासून मुलांबरोबर किंवा आधाराची गरज असलेल्या प्रौढांबरोबर ठराविक कामं करायला पीव्हीजी (प्रोटेक्टिंग व्हल्नरेबल ग्रुप्स) योजनेचं सभासदत्व सक्तीचं झालं. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अ‍ॅक्सेस एनआय. एडिनबराला राहायला गेलात, तर इंग्लंडचा कागद पुरेसा धरू नका.

मी पालक आहे. सर्टिफिकेट हातात आल्यावर काय बघू?

मूळ कागद मागा, फोनवरचा फोटो नको. वर पातळी लिहिलेली असते, ती आधी वाचा : बेसिक की एन्हान्स्ड. मग वर्कफोर्स, मग बंदी-यादीच्या रकान्यात काही तपासलंय की नाही, मग तारीख. नाव आणि जन्मतारीख ओळखपत्राशी जुळवा. कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरा, उजव्या बाजूला मुकुटाच्या मुद्रेची जलखूण वरपासून खालपर्यंत दिसते. आणि त्याचा फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर शिक्षकाचा पत्ता आणि जन्मतारीख असते.

नवीन मूल आलं की मी आता विचारायची वाट बघत नाही. पहिल्या दिवशी, पेटीचा भाता उघडायच्या आधी, कागद आईच्या हातात देते आणि खिडकी दाखवते. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन मिनिटांत सांगते. क्लास चालू असताना खोलीचं दार उघडं असतं आणि कोणत्याही पालकाला न सांगता आत येऊन बसता येतं, हेही त्याच वेळी सांगते.